चेक लाइट लागली म्हणून लगेच सेन्सर बदलू नका: कोकणात राहून नव्या गाडीवर घरी काय करता येतं

नव्या गाडीला घरी हात लावायची सोय राहिली नाही, सगळं कम्प्युटरवर चालतं, असं आपल्याकडे जो तो म्हणतो आणि त्यातलं अर्धं खरं आहे. मारुती ८०० होती, कमांडर, ट्रॅक्स होत्या तेव्हा गाडी बंद पडली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, जेटमध्ये फुंकर मारायची, डिझेल असेल तर पाइपचा नट सैल करून हवा काढायची, निम्म्या वेळा गाडी तिथेच सुरू व्हायची. आता बोनेट उघडलं की वर प्लास्टिकचं कव्हर, त्याखाली वायरींचा गुंता, आणि बिघाड डोळ्याला काही दिसत नाही, कारण कुठल्यातरी सेन्सरने इंजिनच्या कम्प्युटरला म्हणजे ईसीएमला काहीतरी उलटसुलट सांगितलेलं असतं आणि तो ते खरं मानून डॅशबोर्डवर इंजिनची चेक लाइट लावून बसलेला असतो.

उरलेलं अर्धं मात्र खरं नाही. आपल्या पट्ट्यात, दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ला-शिरोड्यापर्यंत, ज्याला लोक "कम्प्युटर गेला" म्हणतात ते बहुतेक वेळा वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड), अर्थ (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडी-इंजिनला जोडणारी वायर) नाहीतर बॅटरी यातलं काहीतरी निघतं. आणि हे शोधायला फार शिकलेलं असावं लागत नाही, थोडी चिकाटी आणि मोजक्या वस्तू लागतात. माझं गॅरेज नाही, घरच्या आणि वाडीतल्या गाड्यांमध्ये डोकं घालायची हौस आहे एवढंच, तेव्हा हे त्याच लेव्हलवर वाचा.

हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात. चारचाकीला ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवायची सिस्टीम भारतात एप्रिल २०१० पासून बीएस ४ या धुराच्या नियमांबरोबर सुरू झाली आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी २ आलं. म्हणजे तुमची गाडी २०१३ नंतरची असेल तर स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास कुठेतरी १६ पिनांचं सॉकेट असणार, नोंदवलेला बिघाड वाचणारा स्कॅनर तिथेच लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ आला, बहुतेक सगळ्या दुचाकींचं कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणजे आता स्कूटरवाल्यालाही हे सुटलेलं नाही.

आधी आपल्या हवेचं बघा

कंपनीचं मॅन्युअल लिहिणाऱ्याने मिऱ्या बंदरावरची किंवा देवबागची हवा खाल्लेली नसते. आपल्याकडे किनारपट्टीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आंबोलीला त्याच्या दुप्पट, आणि पाऊस नसेल तेव्हा खारा वारा. नुसती ओल असती तर चाललं असतं, पण मिठाची ओल वीज वाहून नेते आणि तांबं खाते. कपलरच्या पिनांवर हिरवी भुकटी दिसते ना, ती हीच. सेन्सरला ईसीएमकडून बहुतेक ५ व्होल्ट मिळतात आणि त्यातल्या अर्ध्या-एक व्होल्टच्या फरकावर इंजिनचा निर्णय होतो, त्यामुळे हेडलाइटच्या वायरीवर जो गंज तुम्हाला जाणवणारही नाही तोच गंज सेन्सरच्या वायरीवर गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके मारायला, पुरतो.

दुसरे उंदीर. पडवीत भात, नारळ, सुकी मासळी आणि बाजूला गाडी उभी, मग काय होणार. इंजिन गरम असतं, वायरींवर कोवळं प्लास्टिक असतं, तो रात्रीत हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा कुरतडून ठेवतो. डांबर गोळ्या, तंबाखूची पानं, सगळे उपाय लोक करतात आणि कधी लागू पडतात कधी नाही. मला विचाराल तर खालून बारीक जाळी मारणं आणि गाडी फार दिवस एका जागी न ठेवणं हेच बरं. विष ठेवू नका, तो एसीच्या ब्लोअरमध्ये जाऊन मरतो आणि मग महिनाभर काचा उघड्या ठेवून फिरा.

तिसरं म्हणजे मुंबईला असलेल्या भावाची गावात ठेवलेली गाडी. गणपतीत चालवली की शिमग्यापर्यंत उभी. बॅटरी उतरलेली, अर्थच्या बोल्टाखाली गंज, आणि सुरू केली की डॅशबोर्डवर एकदम चार-पाच लाइट. अशी गाडी "पूर्ण कम्प्युटर उडाला" म्हणून टोचन करून शहरात नेलेली आणि तिथे बॅटरी बदलून परत आलेली बघितली आहे. बिल बॅटरीचं कमी आणि टोचनचं जास्त.

सामान काय लागेल

एक डिजिटल मल्टिमीटर. एक ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, तो ईएलएम ३२७ नावाने मिळतो, बाजारात असतात त्यातले बहुतेक नकलीच असतात पण साधं कामकाज करतात. मोबाइलवर एक ॲप. आयफोन असेल तर घेताना विचारा, साधा ब्लूटूथवाला त्याला जुळत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, डायइलेक्ट्रिक म्हणजे वीज न वाहणाऱ्या ग्रीसची छोटी ट्यूब, आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरीवर आवळते ती). पान्यांचा सेट घरात असतोच.

टेस्ट लॅम्पबद्दल सांगतो, म्हणजे तो दोन वायरी जोडलेला बल्ब, जुन्या इलेक्ट्रिशियनच्या खिशात असायचाच. तो फ्यूज, हॉर्न, हेडलाइट तपासायला झकास आहे पण सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरीला लावू नका. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायला ते सर्किट बनवलेलंच नाही, साधी वायर तपासायला गेलात आणि ईसीएमचा भाग जाळून बसलात असं होऊ शकतं. तिथे मल्टिमीटरच.

आणि स्कॅनर काम झालं की काढून ठेवा. सॉकेटला बॅटरीचा करंट चावी बंद असतानाही येत असतो, तो तसाच लावून ठेवला तर काही दिवसांनी बॅटरी उतरते.

पहिला मीटर बॅटरीला

कोड म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, तो नंतर वाचा, आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी असल्यावर सकाळी टर्मिनलवर मीटर लावायचा, १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच धरा. मग कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा, सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी म्हातारी झाली किंवा टर्मिनल सैल आहे. इंजिन सुरू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं, काही नव्या गाड्या मुद्दाम चार्जिंग कमीजास्त करतात त्यामुळे एकदा कमी दिसलं म्हणून अल्टरनेटरला दोष देऊ नका. व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टिअरिंग, इंजिन, सगळे कम्प्युटर एकाच वेळी तक्रार करतात, म्हणून एकदम चार लाइट लागल्या तर चार बिघाड शोधत बसू नका.

यानंतर अर्थ. हे कोणी करत नाही आणि कोकणात हेच सगळ्यात कामाचं आहे. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारायला लावा. आकडा ०.२-०.३ व्होल्टपर्यंत असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थ वायर गंजली आहे. बॅटरी सोडवायची, अर्थचा बोल्ट काढायचा, रिंग आणि बॉडीची जागा चकचकीत होईपर्यंत घासायची (इथे पॉलिश पेपर चालतो), घट्ट आवळायचं आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावायचं. आधी ग्रीस लावून मग आवळू नका. आमच्याकडचे एक जुने इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना काहीही सांगा, सेन्सर गेलो आसतलो म्हणा, नाहीतर ईसीएम गेलो म्हणा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंग बघलंस काय?" लोक हसतात, पण त्यांच्याकडून गाडी सुरू होऊन जाते.

आता कोड, आणि कोडवर किती भरवसा ठेवायचा

चावी ऑन, स्कॅनर लावा, ॲपमधून कोड वाचा. लगेच क्लिअर दाबू नका! आधी स्क्रीनचा फोटो काढा आणि फ्रीझ फ्रेम म्हणून एक पान असतं तेही उघडून फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, स्पीड काय होता, आरपीएम काय होते, ते त्यात लिहिलेलं असतं आणि क्लिअर केलं की ते सगळं जातं. कोडची सुरुवात पी ने असेल तर इंजिन-गिअरचं, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगच्या बाजूचं, बी बॉडीचं, यू म्हणजे कम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटलंय. पी नंतर शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ इंटरनेटवर दुसऱ्याच गाडीचा सापडू शकतो.

कोड म्हणजे पोलीस पाटलाकडे गेलेली तक्रार समजा, ज्याचं नाव तक्रारीत आहे तोच चोर असतो असं नाही. उदाहरण घ्या पी०१७१. अर्थ काय तर मिश्रण पातळ, पेट्रोल कमी हवा जास्त. हे कोणी कळवलं, ऑक्सिजन सेन्सरने. लोक काय करतात, ऑक्सिजन सेन्सरच बदलतात, हजारो रुपये गेले आणि लाइट पुन्हा हजर. त्या बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं. ॲपमध्ये फ्यूएल ट्रिम नावाचे दोन आकडे बघा, शॉर्ट आणि लाँग, ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते त्यात दिसतं. अधिक-उणे १० टक्क्यांत असले तर ठीक. गाडी स्लोला असताना अधिक २०-२५ दिसतायत आणि ॲक्सिलरेटर देऊन २५०० आरपीएमला धरली की खाली येतायत, तर कुठूनतरी हवा आत खेचली जातेय, फाटलेली रबरी नळी, सुटलेला पाइप शोधा. उंदराने रबर कुरतडलेलं असणंही आलंच. उलट स्लोला ठीक आणि आरपीएम वाढवल्यावर आकडे चढतायत, तर पेट्रोल पुरत नाही, पंप नाहीतर फिल्टर, किंवा हवा मोजणारा सेन्सर घाण झालाय. तो सेन्सर त्याच्या खास क्लीनरने लांबूनच फवारायचा, फडकं किंवा ब्रश लावला की आतली बारीक तार गेली.

पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर इंजिन थंड असताना, चावी बंद करून, एक नंबरची कॉइल दोन नंबरला आणि दोनची एकला लावा. गाडी चालवा. कोड बदलून पी०३०२ झाला तर कॉइल खराब, तोच राहिला तर कॉइल शाबूत, मग हाच प्रकार प्लगचा करा. एक रुपया खर्च नाही. गॅरेजमध्ये विचारून बघा किती जण हे करतात आणि किती जण चारही कॉइल बदला म्हणतात.

माझं आवडतं मात्र लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर आत्ता काय सांगतायत ते आकडे ॲपवर बघणं. समजा पी०११८ आला, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. लाइव्ह डेटात बघावं तर मे महिन्यात, देवगडात, भर दुपारी कूलंटचं तापमान उणे ४०! असा बर्फ आपल्याकडे कुठे पडतो. उणे ४० म्हणजे सेन्सरचं सर्किट तुटलंय एवढाच अर्थ. आता दोन वायरींचा सेन्सर असेल तर कपलर काढा आणि हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना बारीक वायरीने एकमेकींना जोडा. आकडा उणे ४० वरून एकदम १०० च्या वर पळाला तर वायर आणि ईसीएम दोन्ही शाबूत आहेत, सेन्सर नाहीतर कपलरची पिन गेली. आकडा हललाच नाही तर सेन्सर विकत घेऊ नका, वायर तुटली आहे, तिच्या मागे जा. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला, तीन वायरींच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका. आणखी एक, सकाळी थंड गाडीत चावी ऑन करून कूलंटचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा, दोन्ही जवळपास सारखं पाहिजे. एक २७ आणि दुसरं ५० दाखवत असेल तर कोड नसला तरी एक जण खोटं बोलतोय.

स्कॅनर कनेक्टच होत नसेल तर गाडीचा कम्प्युटर मेला असं ठरवायच्या आधी फ्यूज बघा, काही गाड्यांत ओबीडी सॉकेटचा आणि मोबाइल चार्जिंगच्या लायटर सॉकेटचा फ्यूज एकच असतो. मग सॉकेटच्या १६ नंबर पिनवर बॅटरीचे व्होल्ट येतात का, ४ नंबरला अर्थ आहे का. एवढं ठीक असेल तर बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. त्या दोन वायरींवरून कम्प्युटर एकमेकांशी बोलतात, कॅन म्हणतात त्याला, बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर आणलेली पद्धत. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात म्हणून ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर कुठेतरी लाइन तुटली, शून्याच्या जवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. पुढचं काम इलेक्ट्रिशियनला द्या पण हा आकडा त्याला सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे पैसे.

कपलर साफ करायची रीत

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. कपलरला आधी लाल किंवा पांढरी छोटी लॉकपट्टी असते, ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सरकवा, मग खटका दाबून कपलर ओढा, वायरीला धरून कधीच ओढू नका. पिना मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरप्या धरून बघा, हिरवं, पांढरं, काळं काही आहे का. स्प्रे मारा, टूथब्रशने हलकं घासा, पुन्हा स्प्रे, मग वाळू द्या. पिनांना पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज. मादी पिन सैल पडली आहे का बघा, नर पिनेवर घालून ओढताना थोडी अडकली पाहिजे. कपलरच्या तोंडाशी निळं-केशरी रबरी सील असतं, ते जागेवर आहे का, फाटलंय का ते बघा, सील नसेल तर बाकीचं सगळं केलेलं फुकट. सीलवर आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात, मग टक आवाज येईपर्यंत दाबा.

वायर कुरतडलेली असेल तर इन्सुलेशन मागे सोलत जा. खारं पाणी वायरीच्या आत तारांमधून वर चढतं, बाहेरून चांगली दिसणारी वायर आत काळी-हिरवी पडलेली असते. चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलायचं, तिथून कापायचं आणि त्याच जाडीचा नवा तुकडा जोडायचा, वर गोंदवाली हीट श्रिंक. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं आपल्याकडे सर्रास चालतं, ती टेप एप्रिलच्या उन्हात ढिली होते, जूनमध्ये पाणी शिरतं आणि गणपतीत गाडी परशुराम घाटात उभी. कॅनच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, जोडल्यावर तो पीळ पुन्हा घाला, तो शोभेचा नाही.

आणि कृपा करून सर्व्हिसिंगवाल्या पोराला बोनेट उघडून प्रेशरने पाणी मारू देऊ नका. गाडी कर्दे, मुरुडच्या पुळणीवर घालून आलात (घालू नये, पण लोक ऐकत नाहीत) तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, इंजिनवर मात्र ओल्या फडक्याने.

जुन्या सवयी ज्या आता महागात पडतात

डिझेलची हवा काढायला इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा, ही होडीच्या आणि जुन्या जीपच्या इंजिनाची सवय. हर्णै, मिरकरवाडा बंदरावर हे करणारे हात अजून आहेत. आताच्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेल इंजिनमध्ये त्या पाइपात १६०० बार आणि त्याहून जास्त प्रेशर असतं, तो फवारा कातडीतून आत घुसतो आणि वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं. असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठं हॉस्पिटल गाठा, बोट जाण्यापर्यंत मजल जाते. कॉमन रेलच्या प्रेशरच्या पाइपांना घरी हात लावायचा नाही, नोझल बदलायचे असले तरी बहुतेक गाड्यांत प्रत्येक नोझलचा नंबर ईसीएमला भरवावा लागतो.

गाडी ढकलून सुरू करणं. चावीतली चिप ओळखली गेली नसेल तर डोंगरावरून सोडलीत तरी सुरू होणार नाही. चावीचा लाइट लुकलुकत असेल तर दुसरी चावी आणा, चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती वेगळी करा. बटणवाल्या गाडीत चावीचा सेल गेला तर बऱ्याच गाड्यांत चावी बटणाला टेकवून दाबलं की सुरू होते. तारकर्लीला पोहायला जाताना चावी चड्डीच्या खिशात नेणारे पर्यटक दरवर्षी असतात, भिजली तर लगेच सेल काढा, गोड्या पाण्यात बुडवून काढा, पूर्ण वाळवा, मगच सेल घाला. इंजेक्शनवाल्या दुचाकीचंही तसंच, बॅटरी पार मेलेली असेल तर किक मारून पाय दुखतील एवढंच, पेट्रोलचा पंप विजेवर आहे.

जंप स्टार्ट करताना अधिक-उणे उलटं लागलं तर ईसीएम, अल्टरनेटर दोन्हींचा खेळ. बॉडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडवा, आणि ईसीएमचे कपलर काढायला सांगा.

डिझेल बीएस ६ वाल्यांनी रोज घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच गाडी चालवली की डीपीएफ भरतो. आतली काजळी जाळायला त्याला ६०० अंशांच्या आसपास तापावं लागतं आणि आपल्या वाडीतल्या रस्त्याला ते होत नाही. डीपीएफची साधी लाइट लागली तर मॅन्युअल वाचून गाडी हायवेला काढा, कणकवली ते झाराप पट्टा चौपदरी आहे, ६०च्या वर स्पीड आणि २०००च्या आसपास आरपीएम ठेवून १५-२० मिनिटं न थांबता चालवा, मध्येच बंद करू नका. लाइट लुकलुकतेय किंवा गाडीने पिकअप टाकलाय तर हे करू नका, सरळ वर्कशॉप. ज्यांच्या गाडीत युरियाचं द्रावण लागतं त्यांच्यासाठी एकच सांगणं, ते ३२.५ टक्क्यांचं तयारच घ्या, शेतातला युरिया विहिरीच्या पाण्यात ढवळून ओतू नका.

पुरात गेलेली गाडी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरलं की माणूस पहिलं काय करतो, चावी फिरवून बघतो. तेच करायचं नाही! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, शिवाय भिजलेल्या ईसीएमला करंट मिळाला की वाचणारा कम्प्युटरही जातो. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, जमलं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, विमावाल्याला कळवा, टोचन. सुरू करायला जाऊन इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते बहुतेक वेळा धरत नाहीत. जुनी गाडी घेताना सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाचा डाग तिथे लपत नाही.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबल, यांना मीटरसुद्धा लावायचा नाही. ज्या गाडीला हँडब्रेकचं बटण आहे तिचे मागचे ब्रेक पॅड सर्व्हिस मोडला घातल्याशिवाय बदलता येत नाहीत, पाना लावून पिस्टन दाबलात तर मोटर तुटू शकते. समोरच्या काचेवर कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर कॅलिब्रेशन करायला लागतं, घरचं काम नाही.

वर्कशॉपला जायची वेळ आली तर

सर्व्हिस सेंटरकडे जी मोठी स्कॅन टूल असते ती बाहेरच्या गॅरेजवाल्याला सहज मिळत नाही हे खरंच आहे. यावरूनच भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना देत नाहीत म्हणून. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत, तिथे तुमच्या कंपनीचं काय मिळतं ते बघून ठेवा.

तुमच्याकडे कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो असेल तर काउंटरवरचा माणूस वेगळ्या भाषेत बोलतो हे मात्र अनुभवाने सांगतो. "सेन्सर बदलावा लागेल" म्हटलं की विचारा, कुठली टेस्ट केली? वायर तपासली का, कपलरला ५ व्होल्ट येतात का? एका ठिकाणी मला "साहेब, स्कॅनमध्ये तसं आलंय" एवढंच उत्तर मिळालं, म्हणजे टेस्ट काहीच नाही. महागडा पार्ट असेल तर आधी लेखी अंदाज, कामाच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, आणि जुना पार्ट परत. वॉरंटीतल्या गाडीची वायर घरी कापू नका, उगाच त्यांना निमित्त मिळतं, कपलर साफ करणं आणि कोड वाचणं एवढ्यावर थांबा.

घरी केलेलं काम असो की गॅरेजचं, कोड क्लिअर केल्यावर लगेच खुश होऊ नका. ईसीएमच्या तपासण्या एका फेरीत होत नाहीत, थंड स्टार्ट, थोडी गर्दी, थोडा हायवे असं तीन-चार दिवस चालवा आणि मग ॲपमध्ये पेंडिंग कोडचं पान बघा. तिथे तोच नंबर लाइट न लावता बसलेला असेल तर बिघाड अजून आत आहे, पुन्हा अर्थपासून सुरुवात करा.